परकीय चलनाची जोखीम: कोटेशन दिल्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंत

परदेशी ग्राहकाला तुम्ही 1 लाख डॉलरचं कोटेशन दिलंत. त्या दिवशी एका डॉलरचा भाव तुमच्या घरच्या चलनात 80 होता. माल तयार करून पाठवायला 72 लाख खर्च, हाती येणार 80 लाख, म्हणजे 8 लाख सुटतील असा हिशेब तुम्ही मांडलात. पैसे आले पाच महिन्यांनी. तोवर डॉलर 76 वर आला होता. ग्राहकाने एक सेंटही कमी दिला नाही, माल परत आला नाही, कुणाची काही चूक झाली नाही. तरी 8 लाखांचे 4 लाख झाले.

दर हलला 5 टक्के आणि नफा गेला 50 टक्के. हा लेख या एका गणिताभोवती फिरतो. ‘पाच टक्क्यांनी काय मोठा फरक पडतो’ असं म्हणणारा माणूस दराची तुलना उलाढालीशी करत असतो. दराची तुलना करायची ती मार्जिनशी. तुमचं मार्जिन 40 टक्के असेल तर हाच 5 टक्क्यांचा फटका तुम्ही सहज पचवाल. मार्जिन 5 टक्के असेल तर पाच महिन्यांची मेहनत फुकट जाते. म्हणून दुसऱ्या कंपनीचं धोरण जसंच्या तसं उचलू नका.

दर हलतो हे तरी आपण गृहीत का धरायचं? कारण तो हलू नये अशी व्यवस्था जगाने करून पाहिली आहे. 1944 साली अमेरिकेत ब्रेटन वुड्सला झालेल्या परिषदेत ठरलेल्या पद्धतीत बाकीची चलनं डॉलरला बांधलेली होती आणि डॉलर सोन्याला. 15 ऑगस्ट 1971 रोजी अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि 1973 पर्यंत प्रमुख चलनांचे दर बाजारावर तरंगू लागले. तेव्हापासून ही जोखीम प्रत्येक आयातदार-निर्यातदाराच्या दारात आहे. एप्रिल 2022 मध्ये जगभरात रोज सरासरी साडेसात लाख कोटी डॉलरचे चलनव्यवहार होत होते, आणि त्यांतल्या 88 टक्के व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता. एवढ्या मोठ्या बाजाराची उद्याची दिशा आपल्याला कळते असं मानून धंदा चालवू नये. ते आपलं कामही नाही.

जोखीम कुठे कुठे बसलेली असते

सगळ्यात स्पष्ट दिसते ती व्यवहाराची जोखीम. येणं किंवा देणं परकीय चलनात ठरलं आहे आणि पैसे अजून हातात यायचे किंवा द्यायचे आहेत, अशी ही स्थिती. वरचं उदाहरण त्याचंच.

दुसरी ताळेबंदाची. परदेशातल्या उपकंपनीचे आकडे घरच्या चलनात आणताना मालमत्ता आणि कर्ज यांच्या किमती कागदावर वरखाली होतात. ज्या देशांत आंतरराष्ट्रीय लेखामानकं चालतात तिथे हे रूपांतर आयएएस 21 प्रमाणे होतं. रोख पैसा लगेच जात नाही, म्हणून लहान कंपनीने यावर फार झोप उडवू नये. मात्र बँकेच्या कर्जकरारात ‘कर्ज भांडवलाच्या इतक्या पटीपेक्षा जास्त नको’ अशी अट असेल, तर कागदावरचा हा बदलही ती अट मोडू शकतो.

तिसरी जोखीम सगळ्यात खोल जाते आणि तिची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. ही स्पर्धेची जोखीम. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला डॉलर वधारत गेला. अमेरिकेच्या कॅटरपिलरची यंत्रं जगभरच्या गिऱ्हाइकांना महाग पडू लागली आणि जपानच्या कोमात्सूला येनमुळे स्वस्तात विकणं जमलं. 1982 ते 1984 ही तीन वर्षं कॅटरपिलरला तोटा झाला. दर हे त्याचं एकमेव कारण नव्हतं, पण मोठं कारण नक्कीच होतं. कॅटरपिलरने घरच्याच चलनात बिलं काढली म्हणून ती सुटली नाही. ‘आमचा परकीय चलनाशी संबंधच येत नाही’ असं सांगणाऱ्या व्यापाऱ्याला मी एक प्रश्न नेहमी विचारतो: तुमच्या स्पर्धकाचा कच्चा माल कुठल्या चलनात येतो? उत्तर देताना बरेचजण थांबतात.

पायरी 1: एक्स्पोजरची वही, कोटेशनच्या तारखेपासून

बहुतेक ठिकाणी एक्स्पोजर (दर हलला तर ज्या रकमेला फटका बसू शकतो ती रक्कम) मोजायला सुरुवात होते ती इनव्हॉइसपासून, कारण हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा तेव्हा पहिल्यांदा दिसतो. इथेच घोटाळा होतो. जोखीम त्याच्या कितीतरी आधी, तुम्ही ग्राहकाला भाव कळवलात त्या क्षणी सुरू झालेली असते. कोटेशन ते ऑर्डर एक महिना, उत्पादनाला दोन महिने, मग साठ दिवसांची उधारी. पाच महिन्यांतले पहिले तीन तुमच्या वहीत नाहीतच.

साधी एक्सेल शीट पुरेशी आहे. प्रत्येक ओळीत ग्राहक किंवा पुरवठादार, चलन, रक्कम, भाव कळवल्याची तारीख, हिशेब करताना धरलेला दर, पैसे येण्याची अपेक्षित तारीख आणि ‘खात्री’ नावाचा एक रकाना ठेवा. खात्रीच्या रकान्यात तीनच शब्द चालतील: कोटेशन, ऑर्डर, इनव्हॉइस. पुढे फॉरवर्ड (ठरलेल्या दराचा बांधील करार) घ्यायचा की ऑप्शन (ठरलेल्या दराचा हक्क, पण बंधन नाही) हे या शब्दावर ठरणार आहे, म्हणून तो रकाना रिकामा सोडू नका.

‘अपेक्षित तारीख’ लिहिताना करारातली तारीख लिहू नका. तो ग्राहक खरोखर कधी पैसे देतो, ती लिहा. साठ दिवसांच्या उधारीवर जो नेहमी ऐंशीव्या दिवशी देतो, त्याच्यापुढे ऐंशी लिहायचे.

लपलेली एक्स्पोजर शोधायला खरेदी खात्यात जाऊन बसा. एखादा पुरवठादार बिल घरच्या चलनात देतो, पण त्याच्या करारात ‘दर तिमाहीला डॉलरप्रमाणे भाव बदलेल’ असं कलम असतं. बिल कुठल्याही चलनात असो, ते एक्स्पोजर डॉलरचं आहे. जहाजभाडं, सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी, परदेशी एजंटचं कमिशन हेही याच यादीत घ्या.

पायरी 2: निव्वळ आकडा काढा, पण महिन्यानुसार

5 लाख डॉलर येणार आहेत आणि 3 लाख द्यायचे आहेत, तर उघडी जोखीम 2 लाखांचीच. दोन्ही बाजूंना वेगवेगळं कव्हर घेतलंत (म्हणजे दर आधीच बांधून घेतलात, यालाच हेजिंग म्हणतात) तर बँकेच्या खरेदी-विक्री दरांतला फरक दोनदा भरावा लागेल. पण 3 लाख मार्चमध्ये जाणार आणि 5 लाख ऑगस्टमध्ये येणार असतील, तर मधले पाच महिने ते एकमेकांना वाचवत नाहीत. म्हणून निव्वळ आकडा वर्षाचा काढू नका, महिन्याचा काढा.

पायरी 3: मार्जिन कुठल्या दराला संपतं ते काढा

प्रत्येक मोठ्या ऑर्डरसाठी एक आकडा तोंडपाठ हवा: कुठल्या दराला नफा शून्य होतो? आपल्या उदाहरणात खर्च 72 लाख आणि विक्री 1 लाख डॉलर, म्हणून तो दर 72. मग दर 5 टक्के विरुद्ध गेला तर काय, 10 टक्के गेला तर काय, हे दोन हिशेब करा. तिसरा हिशेब जरा भीतिदायक वाटला तरी कराच: दर एका दिवसात 15-20 टक्के हलला तर?

असं होत नाही असं वाटत असेल, तर 15 जानेवारी 2015 आठवा. स्विस नॅशनल बँकेने सप्टेंबर 2011 पासून एका युरोला किमान 1.20 फ्रँक हा दर राखून ठेवला होता. तीन वर्षांहून अधिक काळ ती रेषा टिकली, म्हणून अनेकांनी ती कायमची धरली. त्या गुरुवारी सकाळी बँकेने ती काढून टाकली आणि काही वेळ युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. सरकारने किंवा मध्यवर्ती बँकेने बांधून ठेवलेलं चलन शांत दिसतं, पण सुटतं तेव्हा एका झटक्यात सुटतं. अशा चलनात उधारी असेल तर तिच्याकडे जास्त बारकाईने पाहा.

पायरी 4: बँकेकडे जाण्याआधी घरातले उपाय

डॉलरमध्ये कमाई असेल तर कच्चा मालही डॉलरमध्ये घेता येतो का ते बघा. येणाऱ्या डॉलरमधूनच देणं भागवलं तर अदलाबदलीचा खर्चही वाचतो. घरच्या चलनात बिल काढणं हाही उपाय आहे, मात्र त्यात जोखीम नाहीशी होत नाही, ग्राहकाच्या गळ्यात पडते, आणि तो तिची किंमत भाव पाडून वसूल करतो. घासाघीस करण्याची ताकद तुमच्याकडे असेल तरच हे जमतं.

त्यापेक्षा कोटेशनची मुदत कमी करणं मला जास्त परिणामकारक वाटतं. त्याला पैसे लागत नाहीत आणि तरी ते फार कमी लोक करतात. नव्वद दिवस वैध कोटेशन म्हणजे तुम्ही ग्राहकाला नव्वद दिवसांचा ऑप्शन फुकट दिलात. दर त्याच्या बाजूला गेला तर तो ऑर्डर देईल, नाही तर दुसरीकडे नवा भाव मागेल. मुदत पंधरा दिवसांवर आणा. किंवा कोटेशनमध्येच लिहा की दर अमुक पट्ट्याबाहेर गेल्यास भाव पुन्हा ठरेल.

आता कर्जाबद्दल. परकीय चलनातलं कर्ज स्वस्त मिळतं म्हणून घेऊन ते घरच्या चलनातल्या कमाईवर फेडायचं, हा या विषयातला सगळ्यात महागडा मोह आहे. 1990 च्या दशकात थायलंडमधल्या कंपन्यांनी हेच केलं. डॉलरमधलं व्याज कमी होतं आणि बाट डॉलरला साधारण 25 च्या आसपास बांधलेला होता. 2 जुलै 1997 रोजी तो सोडावा लागला आणि जानेवारी 1998 पर्यंत डॉलर 50 बाटच्या पलीकडे गेला. घरच्या चलनात मोजलं तर मुद्दल दुपटीहून मोठं झालं. ब्रिटनची लेकर एअरवेज फेब्रुवारी 1982 मध्ये बुडाली, तिच्यामागे इतर कारणांबरोबर हेही होतं: कमाईचा मोठा भाग पौंडांत, विमानांची कर्जं डॉलरमध्ये. व्याजदरातला फरक ही बचत समजू नका. दर हलण्याची जोखीम घेतल्याबद्दल मिळालेला तो मोबदला असतो.

पायरी 5: फॉरवर्ड

फॉरवर्ड म्हणजे अमुक तारखेला अमुक दराने इतके डॉलर विकण्याचा किंवा घेण्याचा बँकेशी केलेला बांधील करार. सुरुवातीला पैसे द्यावे लागत नाहीत, मात्र बँक त्यासाठी पतमर्यादा राखून ठेवते किंवा अनामत रक्कम मागते.

सहा महिन्यांचा फॉरवर्ड दर आजच्या दरापेक्षा वेगळा असतो, आणि तिथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘बँकेला डॉलर वर जाईल असं वाटतंय’ असा त्याचा अर्थ लोक काढतात. तसं काही नसतं. तो दर दोन चलनांच्या व्याजदरांतल्या फरकातून येतो. आजचा दर 80, घरच्या चलनात वार्षिक व्याज 8 टक्के, डॉलरमध्ये 4 टक्के. सहा महिन्यांसाठी 80 ला 1.04 ने गुणा आणि 1.02 ने भागा: 81.57. फॉरवर्ड याहून फार वेगळा असता, तर एका चलनात कर्ज काढून दुसऱ्यात ठेवणाऱ्यांनी तो फरक काही क्षणांत पुसून टाकला असता. म्हणजे घरचे व्याजदर जास्त असतील तर निर्यातदाराला फॉरवर्डवर वर काहीतरी मिळतं आणि आयातदाराला तेवढं मोजावं लागतं. कोटेशन देताना हाच दर धरून हिशेब करा.

खात्रीच्या रकान्यात ‘ऑर्डर’ किंवा ‘इनव्हॉइस’ असेल तर फॉरवर्ड चांगला. ‘कोटेशन’ असेल तर हात लावू नका. ऑर्डर हुकली तरी करार उरतोच, आणि मग हातात नसलेले डॉलर तुम्हाला बाजारातून घेऊन द्यावे लागतात.

पायरी 6: ऑप्शन कधी

ऑप्शनमध्ये तुम्ही प्रीमियम भरता आणि ठरलेल्या दराने विकण्याचा हक्क मिळवता. बंधन नसतं. 80 दराने विकण्याचा हक्क 1.50 प्रीमियमला घेतलात, तर तुमचा तळ 78.50. डॉलर 70 वर गेला तरी 78.50 मिळणार. 85 वर गेला तर हक्क सोडून द्यायचा आणि बाजारात विकायचं, हातात 83.50. टेंडर भरताना, ऑर्डर मिळेल की नाही ते ठाऊक नसताना हेच साधन योग्य. प्रीमियम महाग वाटतो, म्हणून लोक ‘झिरो कॉस्ट’ नावाच्या रचनांकडे वळतात. त्यांत तुम्ही एक ऑप्शन घेता आणि त्याची किंमत भागवायला दुसरा विकता. साध्या कॉलरपर्यंत ठीक आहे, तिथे तळ आणि छत दोन्ही ठरलेले असतात. पण विकलेली रक्कम घेतलेल्या रकमेच्या दुप्पट असेल, किंवा ‘दर अमुक रेषेला शिवला तर करार बदलेल’ अशी अट असेल, तर सही करू नका. तोटा कुठे थांबतो हे ज्या कागदावर तुम्हाला स्वतःला काढता येत नाही, तो कागद तुमच्या धंद्याच्या उपयोगाचा नाही.

पायरी 7: किती कव्हर घ्यायचं, हे आधीच लिहून ठेवा

लुफ्थान्सा या जर्मन विमान कंपनीची गोष्ट इथे सांगायलाच हवी. जानेवारी 1985 मध्ये या कंपनीने 50 कोटी डॉलरची 20 बोइंग 737 विमानं घ्यायचं ठरवलं. पैसे वर्षभराने द्यायचे होते. डॉलर तेव्हा 3.2 मार्कांच्या (मार्क हे तेव्हाचं जर्मन चलन) आसपास होता. तो खाली येईल असं अध्यक्षांचं मत होतं, पण खात्री कोण देणार? त्यांनी निम्म्या रकमेला 3.2 दराने फॉरवर्ड घेतला आणि निम्मी ओपन ठेवली. वर्षभराने डॉलर 2.3 मार्कांवर होता. एकूण खर्च आला 137.5 कोटी मार्क. काहीच कव्हर घेतलं नसतं तर 115 कोटी लागले असते, पूर्ण घेतलं असतं तर 160 कोटी. टीका झाली ती ‘कव्हर घेतलंच कशाला’ अशी. माझ्या मते ती टीका अन्यायाची होती. डॉलर 4 वर गेला असता तर हेच लोक ‘अर्धं ओपन का ठेवलं’ म्हणाले असते. निर्णय जोखायचा तो त्या दिवशी हातात असलेल्या माहितीवर.

असा दोन्हीकडून मार बसू नये म्हणून धोरण आधी कागदावर हवं. मला पायऱ्यापायऱ्यांची पद्धत पटते: पुढच्या तीन महिन्यांच्या पक्क्या रकमेला 75 टक्के कव्हर, तीन ते सहा महिन्यांच्या रकमेला 50, सहा ते बारा महिन्यांच्या रकमेला 25. दर महिन्याला खिडकी पुढे सरकते आणि कव्हर थोडं थोडं वाढत जातं, त्यामुळे सगळी रक्कम एकाच वाईट दिवशी बुक होत नाही. टक्के तुमच्या मार्जिनप्रमाणे बदला. मार्जिन 5-6 टक्क्यांचं असेल तर पहिल्या तीन महिन्यांना 90 टक्केही योग्य ठरतील. एक रेघ मात्र पक्की ठेवा: एक्स्पोजरपेक्षा जास्त कव्हर कधीही घ्यायचं नाही. त्याच्या पुढे सट्टा सुरू होतो.

धोरणात आणखी दोन नावं लिहा: बँकेशी सौदा कोण करणार आणि बँकेकडून आलेलं कन्फर्मेशन कोण तपासणार. ही दोन माणसं वेगळी हवीत, कंपनी कितीही लहान असली तरी.

पायरी 8: सौदा करताना

बँकेला फोन करण्याआधी स्क्रीनवर मधला (खरेदी आणि विक्रीच्या दरांमधला) दर बघून ठेवा. तो 80.00 दिसतोय आणि बँक 79.40 सांगतेय, तर 1 लाख डॉलरवर 60 हजार गेले. आपल्या उदाहरणातल्या 8 लाख नफ्यातले साडेसात टक्के झाले हे. बिलावर ते ‘शुल्क’ म्हणून कुठेच दिसत नाहीत. शक्य तर दोन बँकांना एकाच मिनिटाला विचारा, आणि विकायचं की घ्यायचं ते न सांगता दोन्ही बाजूंचे दर मागा. सौदा ठरला की चलन, रक्कम, दर आणि तारीख या चार गोष्टी फोनवरच परत म्हणवून घ्या.

तारीख चुकली तर

हे मी अनुभवातून सांगतो. एका कंपनीचं काम बघत असताना आम्ही 1 लाख डॉलरच्या येण्याला 81 दराने फॉरवर्ड घेतला होता. तारीख आली, ग्राहकाचे पैसे आले नाहीत. बाजारात डॉलर तेव्हा 83 वर. हातात डॉलर नाहीत, करार तर पाळायचाच, म्हणून बँकेने तो 83 ने बंद करून पुढच्या तारखेला रोलओव्हर केला आणि फरकाचे 2 लाख त्याच दुपारी खात्यातून वळते झाले. कागदावर तोटा नव्हता. येणं तेवढंच वधारलं होतं आणि नवा फॉरवर्डही वरच्या दराने झाला होता. पण तो आठवडा पगाराचा होता आणि त्या 2 लाखांची सोय आम्ही केलेली नव्हती. मालक माझ्या टेबलाशी उभे राहून विचारत होते, ‘हेजिंग केलं होतं ना आपण?’ केलं होतं. दराचं केलं होतं, तारखेचा विचार केला नव्हता.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळतो. उशिरा पैसे देणाऱ्या ग्राहकासाठी एका तारखेचा फॉरवर्ड न घेता पंधरा-तीस दिवसांच्या खिडकीचा घेतो, त्यात कुठल्याही दिवशी डॉलर देता येतात. त्यासाठी दर थोडा कमी मिळाला तरी चालतो. करार संपायच्या दहा दिवस आधी विक्री विभागाकडून ग्राहकाला पैशांविषयी विचारणा करायला लावतो, म्हणजे रोलओव्हरची वेळ आलीच तर ती शेवटच्या दुपारी कळत नाही. आणि दर महिन्याच्या रोखप्रवाहात एक वेगळी ओळ असते: चालू सगळे फॉरवर्ड आज विरुद्ध दिशेला 5 टक्के हललेल्या दराने बंद करावे लागले, तर किती रोख लागेल. तेवढी रक्कम किंवा तेवढी ओव्हरड्राफ्टची जागा मोकळी ठेवूनच मी नवा करार बुक करतो.